आमच्या नाटकातलं गाणं कुठे गेलं?

राज्य सरकार जे सांस्कृतिक जीवनगौरव पुरस्कार देतं त्यात एक संगीत रंगभूमीचा आहे, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा. आणखी एक तमाशाचा आहे, विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा. दोन्ही पुरस्कार असावेत, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण विठाबाईंच्या फडात काय होतं ते आठवा. ढोलकी होती, तुणतुणं होतं, गाणं होतं, सोंगाड्याची बतावणी होती आणि पहाटेपर्यंत चालणारा वग होता, म्हणजे पात्रं, संवाद आणि गोष्ट. संगीतही होतं आणि नाटकही होतं. तरी ते 'संगीत नाटक' नाही, ती 'लोककला'. किर्लोस्करांच्या नाटकातली पात्रं गातात ती 'संगीत रंगभूमी'. मातंग समाजातली बाई गाते, बोलते, हसवते, रडवते, ती लोककला. ही वाटणी करताना कुणी कान वापरलेले दिसत नाहीत, जात मात्र वापरलेली दिसते.

आम्ही नाटकं बघतो. परवडतील तेवढी आणि जमतील तिथे: नाट्यगृहात, राज्य नाट्य स्पर्धेच्या रिकाम्या खुर्च्यांत, वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात. चळवळीतल्या काही मित्रांना हा चोचला वाटतो. अत्याचाराचं प्रकरण घेऊन पोलीस ठाण्यात बसायचं सोडून हे नाटकाला जातात, असं तोंडावर ऐकवलंही जातं. त्यांना आमचं उत्तर सरळ आहे. समोरच्यांनी दीडशे वर्षं नाटक, कीर्तन, आख्यान हातात ठेवलं म्हणून त्यांचा विचार घराघरात 'संस्कार' या नावाने पोचला. आपण मैदान सोडलं की ते मोकळं राहत नाही. म्हणून बघितलेल्या नाटकांबद्दल आम्हाला जे वाटलं ते इथे मांडतो. ही मतं आमची आहेत, पटली नाहीत तर भांडा.

सुरुवात प्रस्थापितांच्या संगीत नाटकापासूनच करू. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आलं आणि तिथून संगीत नाटकाचा इतिहास सांगितला जातो. त्या सुरुवातीच्या नाटकांतल्या चाली साक्या, दिंड्या, कीर्तन, लावणी अशा लोकांच्या तोंडी असलेल्या होत्या, म्हणजे घेतलं ते खालूनच. पुढे १९११ साली 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांनी रागदारीतल्या चाली दिल्या, आणि नाटकाची हळूहळू मैफल झाली. प्रेक्षक 'वन्समोअर' ओरडायचे आणि पात्रं गोष्ट तिथेच ठेवून तेच पद पुन्हा गायची. आजही संगीत नाटकांचे प्रयोग बघताना आम्हाला हीच अडचण येते. पात्र संकटात आहे, दारात कुणीतरी उभं आहे, आणि पात्र आधी तानपलटे पूर्ण करतं. गाणारा तयारीचा असेल तर कान तृप्त होतात, हे नाकारणार नाही. पण गाणं सुरू झालं की नाटक थांबतं. ज्यांना जगात काही बदलायची घाई नाही त्यांना हे थांबणं सुखाचं वाटत असावं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कायम खटकते. त्या काळात या 'सभ्य' रंगभूमीवर बाईला जागा नव्हती. बायकांची कामं पुरुष करायचे, आणि बालगंधर्वांचा शालू, नथ, चालणं हे घरंदाज बायकांनी गिरवायचा आदर्श झालं. त्याच काळात तमाशाच्या बोर्डावर बाई स्वतः उभी होती, स्वतःच्या आवाजात गात होती. पवळा होती. तिला काय म्हटलं गेलं? पुरुषाने लुगडं नेसलं की कला, आणि महार-मांगाच्या, कोल्हाट्याच्या बाईने नेसलं की चाळे. शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे २०२२ चं पुस्तक तमाशातल्या दलित बायांवर नेमकं या अंगाने बोलतं. अश्लीलता ही नाचात असते की नाचणारीच्या जातीत बघितली जाते, हा प्रश्न तिथे नीट उलगडला आहे. इंग्रजी जड वाटलं तरी अभ्यासवर्गात लावून वाचा.

'शारदा' घ्या. गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ चं नाटक. म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळी पोर विकण्याचा घाट आणि त्यावरची टीका. नाटक चांगलं आहे, आजही चालतं, आणि सामाजिक सुधारणेचं नाटक म्हणून पाठ्यपुस्तकात मिरवतं. पण या लग्नांतून विधवा झालेल्या ब्राह्मण मुलींसाठी जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली, आणि जोतीरावांचं 'तृतीय रत्न' हे नाटक त्याही आधीचं, १८५५ चं. अडाणी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, विदूषक मधे मधे कसा टपल्या मारतो, आणि शेवटी ते जोडपं शाळेची वाट कशी धरतं, असं ते नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि ते छापून यायला १९७९ उजाडलं. मराठी रंगभूमी दिन मात्र ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवर'ची आठवण म्हणून. त्या दिवशी नटराजाच्या मूर्तीला हार घातला जातो. विदूषकाच्या तोंडून जोश्याला उघडं पाडणाऱ्या माणसाचा फोटो त्या टेबलावर आम्ही अजून पाहिलेला नाही.

'कट्यार काळजात घुसली'बद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ते आम्हाला मनापासून आवडतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, १९६७ साल, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आमच्या वाट्याला त्यांचं ध्वनिमुद्रण आणि नव्या संचातले प्रयोग आले. इथे गाणं नाटक थांबवत नाही, कारण भांडणच गाण्यावरून आहे. सदाशिव हा होतकरू मुलगा खाँसाहेबांच्या घरी ओळख लपवून नोकर म्हणून राहतो आणि त्यांची गायकी चोरून ऐकतो. प्रेक्षागृह हळहळतं: अरेरे, विद्येसाठी केवढं हे करावं लागतं! आम्हीही हळहळतो. पण आमची हळहळ तिथेच संपत नाही. चोरून ऐकण्याबद्दल कानात शिसं ओतायची शिक्षा ज्या धर्मसूत्राने सांगितली त्याचा वारसा कुणाचा? विद्या अडवणारा म्हणून मराठी रंगमंचाने एक मुसलमान उस्ताद उभा केला, आणि शेकडो वर्षं शाळेचं, वेदाचं, पाठशाळेचं दार लावून बसलेल्यांच्या पुढच्या पिढ्या समोर बसून डोळे पुसत राहिल्या. दारव्हेकरांच्या मनात हे असेल असं आम्ही म्हणत नाही. प्रेक्षागृहात कोण बसलंय त्यावर नाटकाचा अर्थ बदलतो, एवढंच म्हणायचं आहे.

आणि आता 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेलं आणि बसवलेलं, २०१७ साली रंगभूमीवर आलेलं. तुकारामाची बायको आवली भाकरी घेऊन डोंगराकडे जाताना तिच्या पायात काटा मोडतो. विठ्ठल तो काढतो, आणि रुसलेली रखुमाई लखुबाई होऊन तिच्या सेवेला येते. मग दोन बायकांचं बोलणं. दोघीही नवऱ्यांवर वैतागलेल्या. आम्ही बौद्ध, विठ्ठलाशी आमचं देणंघेणं नाही, तरी हे नाटक आम्ही पुन्हा बघितलं, आणि कुणाला संकोच वाटत असेल तर सांगतो, बघाच. कारण इथलं गाणं कामातून येतं. धुणं, पाणी, दुखरा पाय, पोटातलं लेकरू. गाणाऱ्या नट्या स्वतः गातात आणि गाताना त्यांचे हात रिकामे नसतात. आवली देवाशी भांडते, नवऱ्याशी भांडते, थकते, आणि तरी बिचारी होत नाही.

हे बघताना आमच्या डोळ्यांपुढे रमाई येत होती. रमाईलाही पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी नकार दिला, कारण त्या देवळात आपल्या माणसाला बाहेर उभं राहावं लागत होतं. आपण आपली दुसरी पंढरी उभी करू असं त्यांनी तिला समजावलं. ही हकिकत आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आता विचारा स्वतःला: त्या नकारानंतर रमाई काय म्हणाली असेल? रुसली असेल का? शेजारणीपाशी काय बोलली असेल? आपल्या एवढ्या नाटकांतल्या किती जणांनी हा प्रवेश लिहिला? आमच्या पाहण्यात एकही नाही. आमच्या रंगमंचावरची रमाई गोवऱ्या थापते, खोकते, रडते आणि पडदा पडायच्या आत जाते. मागे व्हायोलिन वाजतं, समोर बाया पदर डोळ्याला लावतात. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' तिला अर्पण केलं, तेव्हा तिच्या शांत धैर्याची नोंद अर्पणपत्रिकेत केली आहे. ते धैर्य अश्रूंच्या पुरात दिसेनासं करायचं काम आपलं आपणच केलं. तुकारामाच्या बायकोला भांडायचा हक्क मिळतो आणि बाबासाहेबांच्या बायकोला फक्त झिजायचा, हे आम्हाला मान्य नाही.

मूळ प्रश्न इथूनच सुरू होतो. आमच्याकडे गाणं नव्हतं असं नाही. आमच्याकडे भारतातल्या कुठल्याही चळवळीने हेवा करावा असं गाणारं नाटक होतं. भीमराव कर्डकांनी तीसच्या दशकात नाशिक भागात उभा केलेला जलसा घ्या. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतलं सगळं बदललं. गणात गणपतीऐवजी समतेचं आणि बाबासाहेबांचं स्तवन आलं, गौळणीतली छेडछाड गेली, आणि बतावणीच्या जागी भटजी आणि शिकलेला अस्पृश्य तरुण यांचे सवाल-जवाब आले. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, पोरं शाळेत घाला, सत्याग्रहाला चला, हे सगळं गाण्यात आणि विनोदात. कर्डकांच्या जलशाचं बाबासाहेबांनी केलेलं कौतुक आपण प्रत्येक गायनपार्टीच्या बॅनरवर छापतो. पण त्यांनी कौतुक कशाचं केलं? नुसत्या गाण्याचं नव्हे. जलशात गाणं हाच युक्तिवाद होता. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने चालीतच जवाब द्यायचा, आणि कोण हरलं ते गावाने ठरवायचं. तिथे गाणं सुरू झालं की नाटक पळायला लागायचं.

हा सांगाडा घेताना कर्डकांच्या पिढीने जे टाकलं त्यामागे विचार होता. पठ्ठे बापूरावांनी पवळेसोबतच्या खेळाचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते घ्यायला नकार दिला, ही गोष्ट चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको, हा त्यामागचा भाव. त्यामुळे आज जे कुणी 'तमाशा ही आपली अस्सल बहुजन कला' म्हणून सरसकट गौरव करायला निघतात त्यांच्याशी आमचं जमत नाही. बोर्डावर उभ्या बाईचा आवाज आणि कष्ट आपले आहेत. तिच्यावर दौलतजादा उधळणारी व्यवस्था आपली नाही. पाईक यांचं पुस्तक इथे आपल्यालाही टोचतं, कारण इज्जतीचं राजकारण करताना त्या बायांना आपणही दूर लोटलं का, हे ते विचारतं. तो प्रश्न टोचतो म्हणून टाळू नये.

मग गाणं गेलं कसं? आमची समजूत अशी आहे. गावगाड्याने आपल्याला वाजवायला, नाचायला, गायला लावलं होतं. मिरवणुकीपुढे हलगी, पाटलाच्या दारात डफ, ही आपल्या अंगावर लादलेली कामं होती. बाबासाहेबांनंतर शिकलेल्या पिढीने ती झुगारली, आणि झुगारायलाच हवी होती. 'ही माणसं नाचायला-गायलाच चांगली' हा शिक्का पुसायचा तर बुद्धीने बोलून दाखवायला हवं होतं. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं, ते बाबासाहेबांनीही पाहिलं. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत दलित रंगभूमी उभी राहिली ती प्रामुख्याने गद्य बोलणारी. प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी', रामनाथ चव्हाणांचं 'बामनवाडा', दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा'. 'वाटा पळवाटा' आम्हाला आजही मराठीतल्या उत्तम राजकीय नाटकांपैकी एक वाटतं. बाबासाहेबांसोबत चाललेले काका, प्राध्यापक सतीश आणि पँथरच्या आगीतला अर्जुन एका घरात वाद घालतात, आणि सतीशची ब्राह्मण बायको हेमा तो वाद ऐकते, त्यात पडते. कुणालाच लेखकाने सोडलेलं नाही, आपल्या माणसांनाही नाही. तिथे गाण्याची गरजच पडत नाही. पण त्या ताकदीचं गद्य लिहिणारे सगळेच नसतात. नंतरच्या कित्येक नाटकांत आणि एकांकिकांत संवादाच्या जागी भाषण आलं. नायक पुढे येतो, प्रकाशाचा गोल त्याच्यावर पडतो, आणि तो संविधानाची उद्देशिका म्हणतो. टाळ्या पडतात. त्या नटाला पडतात की उद्देशिकेला, हे दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे स्वतःशी तपासावं.

गाणं मेलं नाही, ते नाटकातून उठून बाहेर गेलं. वामनदादा कर्डकांनी ते गावोगाव नेलं, कव्वालीच्या मुकाबल्यांत ते रात्र रात्र जागलं, प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटवर ते घराघरात पोचलं. विठ्ठल उमपांनी 'जांभूळ आख्यान' उभं केलं. एक माणूस गातो, द्रौपदी होतो, कृष्ण होतो, प्रेक्षकांशी बोलतो, आणि एका क्षणात हसवून दुसऱ्या क्षणी गप्प करतो. कथा महाभारताची आहे म्हणून काही मित्र नाकं मुरडतात. आम्ही म्हणतो, गाऊन गोष्ट कशी सांगावी याची शाळा हवी असेल तर ती तिथे आहे. उमप २०१० च्या २६ नोव्हेंबरला नागपुरात, मंचावरच गेले. त्यांच्या आख्यानाला 'म्युझिकल' म्हणायचं आमच्या शहरी पोरांना सुचत नाही. त्यांना म्युझिकल म्हटलं की न्यूयॉर्क आठवतं.

गाणं पुन्हा नाटकात कसं येतं याची दोन उदाहरणं आम्ही वारंवार देतो, आणि दोन्ही २०१२ ची आहेत. पहिलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव, कल्पना आणि गाणी संभाजी भगत, आणि जालना भागातले गावाकडचे कलावंत. यम शिवाजीराजांना न्यायला आलाय आणि विचार हरवल्यामुळे पंचाईत झालीय, ही कल्पनाच मुळात तमाशातल्या बतावणीच्या जातीची आहे. पण खरी जागा म्हणजे दोन शाहिरांचा मुकाबला. एक गोब्राह्मणप्रतिपालक शिवाजी गातो, दुसरा रयतेचा शिवाजी. सवाल येतो, जवाब जातो. नाट्यगृहातली माणसं खुर्चीच्या कडेला येतात, कारण आता काय उत्तर येणार याची उत्सुकता लागलेली असते. व्याख्यानात ज्यांनी उठून निषेध केला असता ती माणसं इथे हसता हसता ऐकतात, आणि ऐकल्यावर त्यांना हसू आवरावं लागतं. कर्डकांचा जलसा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी त्याची चव इथे घ्यावी.

दुसरं 'सत्यशोधक'. गो. पु. देशपांड्यांचं जुनं नाटक अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेतल्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. लेखक ब्राह्मण, दिग्दर्शक ब्राह्मण, म्हणून आपल्यातल्या काहींनी तेव्हा शंका घेतल्या. शंका घ्यायलाच हव्यात, पण नाटक बघून घ्याव्यात. ज्यांच्या हातात सकाळी झाडू असतो ते लोक संध्याकाळी कोरसमध्ये उभे राहून जोतीरावांची गोष्ट गातात, तेव्हा तालमीतलं कच्चेपणसुद्धा अर्थ घेऊन येतं. गळा तयारीचा नाही, सूर कधी इकडे तिकडे होतो, आणि तरी शब्द न शब्द पोचतो. संगीत नाटकात आम्ही नेमकं याच्या उलट अनुभवतो. सूर अचूक, शब्द कुठल्याकुठे.

याच्या शेजारी आपली अलीकडची 'महानाट्यं' ठेवा. नावं घेत नाही, कारण त्यांत राबणारे कलावंत आपलेच आहेत. मोठं मैदान, घोडा, फटाके, मागे एलईडीची भिंत, दीडशे कलाकार, आणि संवाद-गाणी सगळी आधी मुद्रित केलेली. नट फक्त हात हलवतात आणि ओठ जुळवतात. हा साचा आला कुठून? पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'तून. त्यांच्या इतिहासाला रस्त्यावर उतरून विरोध करायचा आणि त्यांचाच साचा जयंतीच्या मैदानात उभा करायचा, यात आम्हाला गंमत वाटत नाही. मुद्रित आवाजाच्या नाटकात सवाल-जवाब होऊच शकत नाही. समोरचा माणूस काय म्हणतोय हे ऐकायची सोयच त्या यंत्रात नाही. महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग येतो, हजारो लोक समोर बसलेले, आणि बाबासाहेब झालेला नट एकाही माणसाच्या डोळ्यात बघू शकत नाही, कारण ध्वनिफीत पुढे पळतेय. गाण्यांच्या चाली तर सरळ सिनेमातल्या. प्रेक्षकाला भारावून टाकायचं, विचार करायला उसंत द्यायची नाही, हे तंत्र धम्माच्या जवळचं की भक्तीच्या?

यात सरकारी व्यवस्थेचाही हात आहे. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी नाटकांचा विभाग आहे, संगीत नाटकांचा आहे, संस्कृत नाटकांचासुद्धा आहे. जलशाचा विभाग आम्ही कधी ऐकला नाही. शिवाय प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. इंग्रजांनी १८७६ साली नाटकांवर कायदा आणला त्याच संशयी नजरेचा हा पुढचा अवतार. जलशाचा जीवच मुळी त्या त्या गावात सुचलेल्या जवाबात असतो. तो आधी टंकलिखित करून कसा द्यायचा? आणि गाण्याला सत्ता अजून घाबरते हेही विसरू नका. कबीर कला मंचाचे तीन कलावंत २०२० साली अटकेत गेले. ओठ हलवणाऱ्या महानाट्याला मात्र कुणी नोटीस पाठवल्याचं आम्ही ऐकलं नाही.

कच्चा माल नाही अशी तक्रार कुणी करू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं त्यात लाखावर ओव्या आहेत, आणि त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर गायलेल्या ओव्या आहेत. 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. ऐका. त्या बाया रमाईला देवी करत नाहीत. तिला आपल्या नात्यात घेतात, तिच्याशी घरातल्यासारखं बोलतात. जात्याची घरघर हाच ठेका. रमाईच्या पंढरपूरचं नाटक लिहायला आणखी काय लागतं? दोन बाया, एक जातं, आणि लिहिणारी आपल्यातली बाई असेल तर उत्तम. इतकी वर्षं रमाईच्या तोंडी संवाद पुरुषांनीच घातले.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथे आम्ही आपल्याच लोकांवर रागावलेलो आहोत. नाट्यगृहाचं तिकीट तीनशे-चारशे रुपये असतं, महाग आहे, रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही हे खरं. पण आपल्यातल्या नोकरदारांचं काय? आपल्या माणसाचं नाटक लागलं की पहिला फोन येतो, "पास आहेत का?" समाजाचं काम म्हणून नटाने फुकट यायचं, समाजाचं काम म्हणून ढोलकीवाल्याने भाडं स्वतः घालायचं, आणि जयंतीच्या रात्री डीजेवाल्याला मात्र आगाऊ रक्कम रोख. समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवलाबद्दल पानंच्या पानं वाचली. त्यातलं आम्हाला कळलेलं एवढंच की, जो समाज आपल्या कलावंताला फुकटात वागवतो त्याचे कलावंत दुसऱ्यांच्या मालिकांत नोकराची कामं करतात.

वस्त्यांमध्ये जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं फेब्रुवारीच्या आसपास छापायला जातात. त्याआधी मंडळाच्या बैठकीत हा विषय निघायला हवा. डीजेच्या खर्चातून एक आकडा बाजूला काढा आणि तेवढ्यात एक जलसा किंवा एक नाटक ठरवा, पण जिवंत आवाजाचं, ध्वनिफितीवरचं नको. संहिता आधी मागून वाचा. रमाई त्यात फक्त रडत असेल तर लेखकाला तसं कळवा. प्रयोग झाल्यावर सत्काराचे हार-तुरे आटोपते घ्या आणि प्रेक्षकांना अर्धा तास प्रश्न विचारू द्या, बायकांना आधी. आणि पेटीवाल्याचे, ढोलकीवाल्याचे पैसे त्याच रात्री त्यांच्या हातात द्या. पुढच्या महिन्यात बघू म्हणून ठेवू नका.